हिमाराची एका दिवसाची सहल : आधी परतीची बस, मग बाकी सगळं

उन्हाळा आला की रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास मला एक मेसेज हमखास येतो. "हिमारात आहोत. सारांदाची बस गेली म्हणतात. आता काय करायचं?" पाठवणारी माणसं दर वेळी वेगळी, चूक मात्र तीच. अल्बेनियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं हिमारा हे गाव सारांदा या बंदराच्या शहरापासून जेमतेम ५०-५२ किलोमीटरवर आहे. नकाशावर ते इतकं जवळ दिसतं की माणूस निर्धास्त होतो. सकाळी आरामात उठतो, मिळेल त्या बसने जातो, आणि परतीचं 'बघू तिथे गेल्यावर' म्हणून सोडून देतो. तिथे गेल्यावर बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण त्यात बसचं वेळापत्रक नाही.

म्हणून हा लेख. तुमचा मुक्काम सारांदात आहे आणि तुम्हाला एका दिवसात हिमारा बघून परत यायचं आहे, असं धरून लिहिलं आहे. टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. बहुतेक घोटाळे क्रम उलटा केल्यानेच होतात.

## टप्पा १ : कागदपत्रं (तिकिटं काढण्याआधी)

भारतीय पासपोर्टवर अल्बेनियात जायचे दोन रस्ते आहेत. एक म्हणजे अल्बेनियाचा व्हिसा. त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. दुसरा रस्ता आपल्या लोकांना जास्त सोयीचा. तुमच्याकडे शेंगेन (सामायिक व्हिसा असलेल्या युरोपीय देशांचा गट), अमेरिका किंवा ब्रिटनचा मल्टिपल एंट्री व्हिसा असेल, तो अजून वैध असेल आणि त्यावर त्या देशात एकदा तरी जाऊन आला असाल, तर वेगळा व्हिसा लागत नाही. १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत राहता येतं. शेंगेन देशांचं वैध रेसिडेन्स परमिट असलं तरी चालतं.

या नियमातले दोन शब्द लोक वाचताना गाळतात. पहिला 'मल्टिपल', दुसरा 'वापरलेला'. कोरा करकरीत शेंगेन व्हिसा घेऊन भारतातून थेट तिराना विमानतळावर उतरायचा बेत असेल तर तो व्हिसा वापरलेला धरत नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक कॉर्फूहून येणाऱ्यांची. ग्रीसचं कॉर्फू बेट सारांदाच्या समोरच आहे, वेगवान बोट अर्ध्या तासात पोचवते. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये नोकरी करणारी आपली मुलं भारतातून आलेल्या आईबाबांना घेऊन कॉर्फूला येतात आणि म्हणतात, चला, एक दिवस पलीकडे जाऊन येऊ. मुलाकडे रेसिडेन्स परमिट असतं, त्याला ये-जा करायला काहीच अडचण नाही. आईबाबांचा व्हिसा मात्र सिंगल एंट्री असतो. त्यावर अल्बेनियात प्रवेश नाही, आणि त्याहून वाईट म्हणजे ग्रीसमधून बाहेर पडल्याची नोंद झाली की ती एकुलती एंट्री संपली, परत कॉर्फूत पाऊल ठेवता येत नाही. नशीब चांगलं असेल तर कॉर्फूच्या बंदरावरच कुणीतरी अडवतं. नशिबावर विसंबू नका.

तपासा : घरातल्या प्रत्येकाचा व्हिसा उघडून 'नंबर ऑफ एंट्रीज'समोर काय लिहिलंय ते स्वतः वाचा. 'मल्ट' असं दिसायला हवं. '०१' दिसलं तर त्या माणसासाठी हा बेत रद्द. आणि व्हिसाचे नियम बदलतात, त्यामुळे तिकीट काढायच्या आदल्या दिवशी अल्बेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाचं पान पुन्हा बघा.

आणखी एक. १२ ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमांवर प्रवेश आणि बाहेर पडण्याची डिजिटल नोंद सुरू झाली आहे, बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन. रांगा त्यामुळे लांबतात. कॉर्फूहून सकाळी निघून हिमारा बघून संध्याकाळच्या बोटीने परत, हा बेत पूर्वीही ओढाताणीचा होता, आता तर करूच नका. कॉर्फूहून एकाच दिवसासाठी येणार असाल तर सारांदा आणि फार तर जवळचं क्सामिल हे किनाऱ्यावरचं गाव. हिमारासाठी सारांदात किमान दोन रात्री हव्यात.

## टप्पा २ : यादी छाटा

माझ्याकडे येणारे बहुतेक बेत असे असतात : सकाळी बुट्रिंटचे अवशेष, मग क्सामिलला डुबकी, दुपारी हिमारा, वाटेत पोर्तो पालेर्मोचा किल्ला, जमलं तर धर्मी. (होय, गावाचं नाव आपल्या कानाला असंच ऐकू येतं.) आता हे बघा : बुट्रिंट आणि क्सामिल सारांदाच्या दक्षिणेला, हिमारा आणि धर्मी उत्तरेला. एका दिवसात दोन्हीकडे म्हणजे दिवसभर बसच्या खिडकीतून समुद्र बघणं.

बसने जाणाऱ्याने एका दिवसात तीनच गोष्टी धराव्यात : हिमाराचा जुना गावठाण-किल्ला, एक किनारा, एक निवांत जेवण. गाडी असेल तर त्यात पोर्तो पालेर्मो घाला. ग्यीपेचा किनारा फोटोत फार सुंदर दिसतो, पण गाडी ठेवल्यावर तिथे अर्धा तास चालत उतरावं लागतं आणि तेवढंच चढावंही लागतं. तो वेगळ्या दिवसाचा विषय.

महिना कुठला? मे अखेर ते जून आणि सप्टेंबर उत्तम. मेमध्ये पाणी गार असतं, हे आधीच सांगते. जुलै-ऑगस्टमध्ये बस भरून येते, किनाऱ्यावरच्या भाड्याच्या खाटा भरलेल्या, रस्ता तुंबलेला. नोव्हेंबर ते मार्च निम्मं गाव कुलूपबंद असतं आणि बसही कमी होतात.

## टप्पा ३ : पैसे

अल्बेनियाचं चलन लेक. १ युरो म्हणजे साधारण १०० लेक, हिशोब सोपा आहे. ही लेक सीमेपलीकडे मात्र नांदत नाही. देशाबाहेर कुणी सहसा बदलून देत नाही, त्यामुळे गरजेपुरतीच काढा आणि उरलेली तिथेच खर्च करून या.

हिमाराच्या दिवसासाठी माणशी ५,००० ते ६,००० लेक रोख ठेवा. बस, खाट, जेवण, कॉफी या सगळ्याला रोखच लागते. कार्ड चालतं अशी पाटी असते आणि यंत्र 'आज बंद' असतं. एटीएममधून पैसे काढताना बँक दर वेळी वेगळं शुल्क लावते, म्हणून थोडेथोडे चार वेळा काढू नका. यंत्राने 'तुमच्या चलनात हिशोब करू का' असं विचारलं तर नाही म्हणा.

एटीएममधून ५,०००ची नोट बाहेर आली तर ती सारांदाच्या सुपरमार्केटमध्येच मोडा. बसच्या कंडक्टरपुढे सकाळी सातला ती नोट धरलीत तर तो ज्या नजरेने बघेल ती नजर आपल्या एसटीने तुम्हाला चांगलीच परिचयाची करून दिली आहे.

सावधान : जुना लेक, नवा लेक. १९६५ साली अल्बेनियाने चलनातलं एक शून्य उडवलं. नोटांवरून ते गेलं, लोकांच्या जिभेवरून अजून गेलेलं नाही. वयस्कर माणसं तर सर्रास जुन्या हिशोबात बोलतात. मी पहिल्यांदा गेले तेव्हा रस्त्याकडेला एक आजी अंजिरं विकत बसल्या होत्या. दोन किलो घेतली. त्या म्हणाल्या, "पेस मिय". पेस म्हणजे पाच, मिय म्हणजे हजार, एवढं मी शिकून गेले होते. मनातल्या मनात 'पाच हजारांची अंजिरं!' असं म्हणत, पण भीडेपोटी, ५,०००ची नोट पुढे केली. आजींनी नोटेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, ती नोट माझ्याच मुठीत परत कोंबली, माझ्या पाकिटात दोन बोटं घालून ५००ची नोट उचलली आणि हसत सुटल्या. सगळेच विक्रेते त्या आजींइतके सरळ असतील असं धरू नका. आकडा मोठा वाटला की विचारा, "ता रेया?" म्हणजे 'नव्या हिशोबात का?' नाहीतर सरळ मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवायला सांगा.

## टप्पा ४ : आदली संध्याकाळ (ही टाळली तर पुढचं सगळं अंदाजपंचे)

अल्बेनियात एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणाऱ्या बस आणि फुर्गोन म्हणजे आठ-दहा सीटांच्या सामायिक गाड्या खासगी माणसं चालवतात. इंटरनेटवर सापडणारं वेळापत्रक मागच्या हंगामाचं असू शकतं. म्हणून आदल्या संध्याकाळी पायी जाऊन विचारायचं. सारांदाच्या मध्यावर जुन्या सिनेगॉगचे अवशेष आहेत, त्याच्या आसपासच्या रस्त्यावर बस उभ्या राहतात. तिथेच तिकिटांची छोटी दुकानं आहेत.

दोन प्रश्न विचारा, आणि या क्रमाने :

१. हिमाराहून सारांदाला परत येणारी *शेवटची* बस कधी? तिच्या आधीची कधी?
२. उद्या सकाळी हिमाराला जाणारी पहिली बस कधी?

लोक नेमका दुसरा प्रश्न विचारून निघून येतात. परतीचं उत्तर मिळालं की तुमचा दिवस किती मोठा आहे ते कळतं. परतीसाठी शेवटची बस धरू नका, शेवटून दुसरी धरा. शेवटची बस ही राखीव खेळाडू. शेवटून दुसरी फार लवकर असेल, म्हणजे हिमारात तुम्हाला चार तासही मिळत नसतील, तर सकाळी आणखी लवकर निघा किंवा टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवा. दोन्ही नको असेल तर तिथेच एक रात्र राहा, वाईट जागा नाही.

दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर लवकरची वेळ खरी माना. वेळ कागदावर लिहून घ्या.

सावधान : मान. अल्बेनियात मान डावी-उजवी डोलवली की 'हो'. ते आपल्याला जमतं, आपणही डोलवतोच. गडबड नकारात आहे. हनुवटी वर उचलून मान एकदा झटकली, सोबत जिभेने 'च्' असा आवाज केला, की ते 'नाही' असतं. आपली माणसं ते 'हो' समजून बसमध्ये चढतात. त्यात पर्यटकांशी रोज बोलणारी तरुण मुलं उरलेल्या युरोपसारखी मान हलवतात, म्हणजे घोळात भर. मानेकडे बघूच नका, शब्द ऐका : 'पो' म्हणजे हो, 'यो' म्हणजे नाही.

सावधान : घड्याळ. अल्बेनिया ग्रीसपेक्षा एक तास मागे आहे. सारांदात मोबाइल कधीकधी समोरच्या कॉर्फूचं नेटवर्क पकडतो आणि गुपचूप ग्रीक वेळ दाखवू लागतो. आमच्याकडे सहाचा गजर असा अल्बेनियाच्या पाचला वाजला. आई-बाबा आणि आत्या, तिघांनाही उठवून, आंघोळी उरकून अंधारात बसच्या रस्त्यावर नेऊन उभं केलं. आत्या त्या दिवसाबद्दल अजून बोलते. तरी यात फक्त झोप गेली. कॉर्फूच्या ईशान्य किनाऱ्यावर राहणाऱ्यांचं उलटं होतं : मोबाइल अल्बेनियाचं नेटवर्क पकडतो, गजर तासभर उशिरा वाजतो आणि बोट सुटते. उपाय एकच : मोबाइलमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा आणि 'तिराना' हाताने निवडा. बोटीच्या तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोचण्याची वेळ पोचण्याच्या गावची असते, हेही ध्यानात ठेवा.

मोबाइल हातात आहे तोवर रोमिंगही बघा. अल्बेनिया युरोपीय संघात नाही. जर्मन किंवा ग्रीक सिमचं 'युरोपभर फुकट' इथे धरून चालू नका. सारांदात सिम घ्या किंवा ई-सिम टाका, आणि परिसराचा नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा.

पिशवीत काय : पाण्यात घालायचे रबरी बूट (हिमाराचे किनारे गोट्यांचे आहेत, वाळूचे नाहीत), टोपी, दीड लिटर पाणी, टॉवेल, वळणांचा त्रास असणाऱ्यांसाठी उलटीची गोळी, पासपोर्ट, आणि चढाला वेगळी चांगली चप्पल किंवा बूट. रबरी फ्लिप-फ्लॉपवर किल्ला चढायला जाऊ नका.

## टप्पा ५ : बस की गाडी

बस स्वस्त आणि निवांत. गाडी घेतली तर पोर्तो पालेर्मोला थांबता येतं आणि परतीची चिंता संपते. पण पुढच्या तीन गोष्टी असल्या तरच गाडी घ्या.

पहिली, भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना. तो निघण्याआधी आपल्या आरटीओतूनच मिळतो, तिकडे जाऊन नाही. दुसरी, उजव्या बाजूने चालवण्याची सवय. 'तिथे जाऊन सवय होईल' यासाठी हा रस्ता नाही. वळणापलीकडून बस येते, त्यापुढच्या वळणावर शेळ्या असतात. तिसरी, जो चालवणार तो दुपारी बिअरला हात लावणार नाही याची खात्री. मर्यादा अतिशय कडक आहे, शून्यच धरा.

तपासा : गाडी ग्रीसमध्ये भाड्याने घेतली असेल तर ती अल्बेनियात नेण्याची लेखी परवानगी आणि विमा आहे का? 'विचारलं होतं, हो म्हणाले' हे सीमेवर चालत नाही.

जाताना तुम्ही डोंगराच्या बाजूच्या लेनमध्ये असता, येताना दरीच्या. म्हणून नव्या चालकाने येताना उजेडातच सारांदा गाठावं.

## टप्पा ६ : निघताना

सांगितलेल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी उभे राहा. बस भरली तर ती वेळेआधीही सुटते. समोरच्या काचेवर शेवटच्या गावाचं नाव असतं, तिराना किंवा व्लोरा. हिमारा वाटेत येतं. चढण्याआधी ड्रायव्हरला विचारा, "हिमारा?" आणि दुसरा प्रश्न लगेच : किनाऱ्याच्या रस्त्याने का? कारण तिरानाला जाणाऱ्या सगळ्या बस किनाऱ्याने जात नाहीत. काही आतल्या बाजूने जिरोकास्त्रावरून जातात, आणि त्या रस्त्यावर हिमारा नाही. ही चूक गेल्या वर्षी दोघांनी केली.

जाताना डाव्या बाजूची खिडकी धरा, समुद्र तिकडे आहे. पैसे बसमध्येच द्यायचे, तिकीट मिळेलच असं नाही. दीड-दोन तास धरा. वाटेत लुकोवा, मग बोर्शचा लांबच लांब किनारा आणि ऑलिव्हच्या बागा, मग चेपारो, आणि त्यानंतर रस्ता खाली उतरतो तिथे एका बारक्या जमिनीच्या पट्टीने किनाऱ्याला जोडलेला पोर्तो पालेर्मोचा किल्ला.

सावधान : बसने जाताना किल्ला दिसला म्हणून मध्येच उतरू नका. पुढची बस थांबेल, तिच्यात जागा असेल, याची हमी नाही, आणि त्या रस्त्यावर सावली नाही. गाडीवाल्यांनी थांबावं, तासभर पुरतो. आत खोल्या अंधाऱ्या आहेत, मोबाइलचा टॉर्च लागतो. प्रवेशासाठी सुटे पैसे ठेवा.

## टप्पा ७ : हिमारात उतरल्यावर, आधी चढ

बस खालच्या गावात, स्पिले भागात सोडते. उतरल्याउतरल्या दोन मिनिटांचं काम करा : समोरच्या कॅफेत कॉफी घ्या आणि सारांदाची परतीची बस नेमकी कुठे थांबते ते विचारून त्या जागेचा फोटो काढा. संध्याकाळी घाईत एकाच रस्त्यावरची दोन टोकं सारखीच दिसतात. कॉफी देणाऱ्याला 'कालिमेरा' म्हणालात तर खूश होतो; हिमारात घरोघरी ग्रीकही बोलतात.

आता समोर निळं पाणी असेल आणि पोरं कपडे काढायला लागतील. थांबा. आधी वरचं जुनं गाव. कारण साधं आहे : चढ उघड्यावर आहे, अकरानंतर तो भाजून काढतो, आणि पोहून ओल्या अंगाने, भरल्या पोटी कुणी चढत नाही. 'संध्याकाळी ऊन उतरल्यावर जाऊ' म्हणणारे एक तर जात नाहीत किंवा गेले तर बस चुकवतात.

स्पिलेपासून वर चालत अर्धा ते पाऊण तास. आई-बाबांचे गुडघे बोलत असतील तर वर जाताना टॅक्सी करा, उतरताना चाला. मात्र पायऱ्या आणि गल्ल्यांचे दगड झिजून गुळगुळीत झालेत, उतरताना वेळ घ्या. वर अर्धी घरं पडलेली आहेत. एका घराचं छप्पर गेलंय, दाराची चौकट तेवढी उभी आहे, आतून अंजिराचं झाड वाढून फांदी चौकटीबाहेर आली आहे, आणि त्याच्या शेजारच्या घरात तारेवर धुतलेल्या चादरी वाळत असतात. माणसं राहतात इथे. त्यामुळे उघडं दार दिसलं म्हणून फोटोसाठी आत शिरू नका. टोकापर्यंत जा, दोन्ही बाजूंचे किनारे वरून दिसतात. तिथेच ठरवा कुठल्या पाण्यात उतरायचं.

तपासा : साडेअकराला तुम्ही खाली उतरायला लागलेले असायला हवं. नसाल तर किनारा जवळचा घ्या.

## टप्पा ८ : समुद्र

स्पिले गावातच आहे. बस चुकण्याची भीती सगळ्यात कमी, म्हणून एका दिवसासाठी मी हाच सांगते. पोटामी दक्षिणेला, चालत जाण्याइतका. लिवाधी उत्तरेला टेकडीपलीकडे, मोठा आणि मोकळा, पण जाऊन येऊन दीड तास चालण्यात जातो.

खाटेवर पिशवी ठेवण्याआधी भाव विचारा. भाव सहसा दोन खाटा आणि एक छत्री अशा जोडीचा असतो, माणशी नाही, आणि पुढची रांग महाग असते. चौघांना दोन जोड्या पुरतात हे उघड आहे, तरी लोक चार घेतात. खाट नको असेल तर मोकळी जागा शोधून टॉवेल पसरा.

पाणी स्वच्छ असल्यामुळे उथळ वाटतं, पण काही पावलांतच खोल होतं. पोहता न येणाऱ्यांनी, विशेषतः आपल्याकडच्या उथळ पुळणीची सवय असलेल्यांनी, काठ सोडू नये. खडकांवर सी अर्चिन म्हणजे काळे काटेरी गोळे चिकटलेले असतात; काटा पायात मोडला तर दिवस संपला. म्हणून ते रबरी बूट. दुपारी वारा सुटतो, लाटा वाढतात, म्हणून पोहणं आधी, जेवण नंतर. अडचणीच्या वेळी ११२ फिरवा.

## टप्पा ९ : जेवण

मासे खाणाऱ्यांना काही शिकवायला नको. फक्त एवढंच : ताज्या माशाचा भाव बहुतेकदा किलोवर असतो. मासा निवडला की त्याचं वजन आणि एकूण रक्कम भाजायच्या आधी विचारा.

शाकाहारींना 'व्हेज' शब्दावर विसंबता येणार नाही. "पा मिश" म्हणजे मांसाशिवाय. पण त्यात मासे किंवा कोंबडी येत नाही असं समोरच्याला वाटेलच असं नाही, म्हणून पुढे जोडा : "पा पेश्क, पा पुल". सुरक्षित पदार्थ : ब्युरेक म्हणजे पापुद्र्यांचा, सारण भरून भाजलेला खारा पदार्थ, पालकाचा किंवा ग्यीझ म्हणजे तिकडच्या चक्क्यासारख्या पदार्थाचा, भाजलेल्या भाज्या, टोमॅटो-काकडी-चीजचं सॅलड, तळलेले बटाटे. पिलाफ पांढराशुभ्र दिसला तरी तो मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. भरलेल्या मिरच्यांत कधी भात, कधी खिमा. विचारल्याशिवाय घास घेऊ नका. आणि 'धाल' कुठे मिळालं तर जरूर घ्या. खारं, पातळ, गार ताकच ते. माझ्या बाबांनी दोन ग्लास प्यायले आणि जिरं मागितलं.

अल्बेनियात कुणी बिल आपणहून आणून टेबलावर आपटत नाही. वेळेचं बंधन तुम्हाला आहे, त्यांना नाही. शेवटचा घास घेता घेताच बिल मागा.

## टप्पा १० : परत

ठरवलेल्या बसच्या चाळीस मिनिटं आधी त्या फोटोतल्या जागी हजर राहा. ही बस हिमारातून सुटत नाही, वरून व्लोरा किंवा तिरानाहून येते. त्यामुळे ती उशिरा येऊ शकते, क्वचित लवकरही, आणि ऑगस्टमध्ये भरलेलीही येते. माझ्यासमोरून अशी एक भरलेली बस हात हलवत निघून गेली आहे. तेव्हा दुसरी बस राखीव नव्हती. टॅक्सीवाल्याने संधी ओळखून जो भाव सांगितला तो मुकाट्याने दिला. शेवटून दुसरी बस धरा हा आग्रह त्या दिवसापासूनचा.

बस दिसली की हात दाखवा, नुसतं उभं राहू नका. येताना समुद्र उजव्या बाजूला.

तीस मिनिटं होऊनही बस आली नाही तर सकाळच्या कॅफेत जाऊन विचारा. तिथे माहिती लवकर पोचते. थांब्यावर आणखी कोण सारांदाला चाललंय ते बघा, चौघं मिळून टॅक्सी केली तर भार हलका होतो. भाव मोबाइलवर टाइप करून, पूर्ण गाडीचा, बसण्याआधी ठरवा.

आणि दोन्ही बस खरोखर गेल्याच, टॅक्सीही परवडेना, तर रात्रीच्या अंधारात रस्त्यावर अंगठा दाखवत उभे राहू नका. गावात घरगुती खोल्या भरपूर आहेत. दार वाजवा आणि विचारा, "केनी धोम?" म्हणजे खोली आहे का. मला मेसेज करायचा असेल तर दुपारी करा. रात्री नऊला मीही एवढे दोनच शब्द पाठवणार आहे.